पाच मिनिटांचं काम

आमच्या भागातल्या दवाखान्यांत बायकांना सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य कुठलं असेल, तर ते ‘पाच मिनिटांचं काम आहे, काही होत नाही.’ तांबी बसवायची असो, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला घ्यायचा असो, क्युरेटिंग असो, दुर्बीण घालायची असो, नाहीतर गळू फोडायचं असो. पाच मिनिटं कुणाच्या घड्याळातली, हे कुणी विचारत नाही. ओटीबाहेर बाकड्यावर मोबाईल चाळत बसलेल्या नवऱ्याची पाच मिनिटं निराळी आणि टेबलावर दोन्ही पाय अडकवून पडलेल्या बाईची निराळी.

‘किरकोळ’ हा शब्दही असाच दुसऱ्याच्या तोंडचा. डॉक्टरच्या हाताला काम किरकोळ असतं. दिवसात अशी आठ-दहा उरकायची असतात. ज्या शरीरावर ते व्हायचं ते मात्र एकच असतं, आणि ते किरकोळ होतं की नव्हतं हे त्या शरीराच्या मालकिणीनं सांगायचं असतं. माझं भांडण भूल दिली नाही म्हणून नाही, आणि दिली म्हणूनही नाही. भूल द्यायची का, कोणती, किती, हे ठरवताना डॉक्टरची सोय बघतात, भूलतज्ज्ञ कुठल्या वारी येतात ते बघतात, नवऱ्याचा खिसा चाचपतात. विचारत नाहीत ते फक्त तिला. भांडण त्याचं आहे.

निपाणीची एक विडी वळणारी बाई. गर्भ पडला, काही आत राहिलं, पिशवी साफ करायला हवी म्हणाले. रक्त बेताचं होतं, दोन दिवस थांबलं तरी चालेल असं डॉक्टरांनीच सांगितलेलं. पण भूलवाले डॉक्टर बाहेरगावहून यायचे, तेही गुरुवारी, आणि त्यांची फी वेगळी. तो होता मंगळवार. बाहेरच्या बाहेर बोलणं झालं. सासू म्हणाली, ‘दोन बाळंतपणं झाल्यात की, सोसंल ती.’ मला सांगताना ती बाई म्हणाली, ‘आक्का, सिस्टरनं माझा हात धरला हुता. मग तोंडावर बी हात धरला, वरडू नको म्हणून.’ गुरुवारपर्यंत थांबतेस का, एवढा एक प्रश्न तिला विचारायला किती वेळ लागला असता?

याच निपाणीतल्या तंबाखू कामगार बायकांच्या लढ्यावर युगांतर या बायकांच्या गटानं 1982 साली ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. वखारीच्या मालकापुढं ज्या उभ्या राहिल्या, त्यांच्याच लेकी-सुना पांढऱ्या कोटापुढं मुक्या होतात. मालकानं अंगाला हात लावला तर काय करायचं हे युनियननं शिकवलं. डॉक्टरनं न विचारता लावला तर काय करायचं, हे कुणीच शिकवलं नाही.

आता दुसरं टोक. बेळगावची एक शिक्षिका, माझ्या चांगल्या ओळखीची. पैशाची अडचण नाही, दवाखाना मोठा, गुंगीचं इंजेक्शन दिलं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर हसून म्हणाले, ‘बघा, काही कळलं तरी का?’ खरंच तिला काही आठवत नव्हतं. ती समाधानानं घरी आली. चार दिवसांनी तिची जाऊ हळूच म्हणाली, ‘वैनी, तुम्ही आत किती ओरडत होता. मी दाराबाहेर कान झाकून घेतले.’ तेव्हापासून ती शिक्षिका झोपत नाही. तिला दुखलं याचं दुःख कमी आहे. आपल्या अंगावर काहीतरी झालं, ते सगळ्या वऱ्हांड्याला ठाऊक आहे आणि आपल्यालाच नाही, याची भीती जास्त आहे.

हे कसं होतं ते समजून घ्यायला हवं, कारण इथंच खरी मेख आहे. अशा कामांत मिडाझोलाम नावाचं औषध सर्रास वापरतात. औषध वाईट नाही. ते भीती घालवतं, पेंग आणतं, आणि त्याचा ठळक गुण असा की ते दिल्यानंतर जे घडतं त्याची आठवण मेंदूत बसू देत नाही. पण ते वेदना मारणारं औषध नव्हे. दुखायचं ते दुखतंच. बाई कण्हते, पाय आवळते, ओरडते. फक्त नंतर तिला ते आठवत नाही. म्हणून दुखणारं काम असेल तर त्याच्या जोडीला वेदनाशामक द्यावं लागतं, नाहीतर जागेवर बधिर करणारं इंजेक्शन. चांगले डॉक्टर ते देतात. जे देत नाहीत त्यांना दुसऱ्या दिवशी तक्रार ऐकावी लागत नाही, कारण तक्रार करणारीची आठवणच पुसलेली असते. ‘तिला काय आठवणार आहे’ हे वाक्य मी दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. चोरी झाली, पण घरधनी झोपला होता, म्हणून ती चोरी नव्हे, असा हा न्याय!

लहान गावांत केटामाइनही पुष्कळ वापरतात. ते वेदना मारतं आणि श्वासाला त्यातल्या त्यात कमी धक्का देतं, म्हणून जिथं साधनं थोडी तिथं ते उपयोगी. पण त्यातून उतरताना माणसाला चित्रविचित्र स्वप्नं पडतात, आपण शरीराबाहेर तरंगतोय असं वाटतं. हे आधी सांगितलं तर बाई निभावून नेते. सांगितलं नाही तर तिला वाटतं आपल्या अंगात आलं, किंवा डोकं फिरलं. आणि ती बडबडली तर त्याची नंतर वर्षभर घरात चेष्टा होते, ती वेगळीच.

आमच्या जैन घरांत याला आणखी एक पदर आहे. सोसणाऱ्या बाईचं आमच्याकडं फार कौतुक. दशलक्षणात दहा दिवस उपवास केले की तिचा सत्कार होतो, आणि तीच फूटपट्टी मग दवाखान्यात लावतात. मला हे साफ नामंजूर आहे. निपाणीजवळच्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज 1955 साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेऊन गेले. आमच्या घराघरात त्यांचा फोटो आहे. मुनी स्वतःच्या हातानं केशलोच करतात, बावीस परीषह सहन करतात. पण त्यातला प्रत्येक क्लेश त्यांनी स्वतः, जागेपणी, जाणून पत्करलेला असतो. कुणी त्यांचे पाय बांधून केस उपटत नाही. दुसऱ्यानं लादलेल्या, न विचारलेल्या वेदनेला व्रताचं नाव देणं हा व्रताचाही अपमान आहे. उलट आपल्या आचार्यांनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर बोट ठेवलंय. मग टेबलावरच्या बाईबाबतच्या बेफिकिरीला काय म्हणायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

उपवासावरून आठवलं. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं, हे बरोबर. पण साधा नियम असा की घन आहार सहा तास आधी बंद, आणि नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आमच्याकडं ‘रात्रीपासून काही नको’ एवढंच सांगतात. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारी आमची काकू संध्याकाळी सहाला शेवटचा घोट घेते, सकाळी आठला दवाखान्यात हजर होते, आणि तिचा नंबर लागतो दुपारी दोनला. वीस तास कोरडी. मग शीर सापडत नाही, चक्कर येते, आणि वर ‘ह्या जैन बायका अशाच नाजूक’ हेही ऐकायचं. सकाळी सूर्योदयानंतर पाणी प्या, एवढं एक वाक्य सांगायचं होतं.

न विचारण्याची ही सवय कुठवर जाते ते दिल्लीच्या समीरा कोहली खटल्यानं दाखवलं. 1995 साली या चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी भुलीखाली गेल्या. त्या बेशुद्ध असताना दवाखान्याची माणसं बाहेर आली, त्यांच्या आईची संमती घेतली, आणि गर्भाशय, बीजांडं सगळं काढून टाकलं. रुग्ण सज्ञान आहे, तासाभरात शुद्धीवर येणार आहे, जिवावर बेतलेलं नाही. मग आईला विचारायचं कारण काय? 16 जानेवारी 2008 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि रुग्णाच्या वतीनं आईची संमती चालत नाही. भरपाई मिळाली 25,000 रुपये. तेरा वर्षं भांडून. वैद्यक परिषदेच्या 2002 सालच्या आचारनियमांत शस्त्रक्रियेच्या संमतीबद्दलचं वाक्य तर असं रचलंय की आधी नवरा-बायको येतात, मग लहान मुलाचे पालक, आणि सगळ्यांच्या शेवटी ‘किंवा स्वतः रुग्ण’. ज्यानं ते लिहिलं त्याच्या मनातली रांग त्यात दिसते.

डॉक्टर मंडळी म्हणतील, आणि म्हणतातच, की बाई, भूल म्हणजे खेळ नव्हे. खरं आहे. अर्ध्या गुंगीतून पूर्ण बेशुद्धीत माणूस कधी घसरेल सांगता येत नाही, श्वास मंदावतो, आणि म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा हवा आणि फक्त श्वासावर लक्ष ठेवणारं एक माणूस हवं. शस्त्र चालवणाऱ्यानंच एका डोळ्यानं श्वास बघायचा, हे धोक्याचं. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ कमी, हेही खरं. पण मी सगळ्यांना भूल द्या असं म्हणतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या गर्भपातविषयक मार्गदर्शनातही पूर्ण भूल सरसकट देऊ नये असंच आहे. पण वेदनाशामक मात्र प्रत्येकीला देऊ करावं, असंही त्यातच आहे. शिवाय खरवडून क्युरेटिंग करण्याची जुनी पद्धत सोडून ओढून घेण्याची सोपी पद्धत वापरावी, हे ती संघटना कितीतरी वर्षं सांगतेय. तांबी बसवताना होणाऱ्या वेदनेबद्दल बाईशी आधी बोला आणि उपाय सांगा, असं अमेरिकेच्या सीडीसीनं 2024 मध्ये आपल्या डॉक्टरांना बजावलं. यातल्या कशालाच भूलतज्ज्ञ लागत नाही. जीभ लागते.

आणि ती जीभ कुठल्या भाषेतली, हा आमच्या सीमाभागातला खास प्रश्न. संमतीचा कागद इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये. निपाणीची, खानापूरची मराठी शाळेत शिकलेली बाई त्यावर फुली दाखवतील तिथं सही करते. कधी कधी तर इंजेक्शन दिल्यावर, गुंगी चढत असताना. अशा सहीला काय अर्थ? हाच अन्याय कोल्हापूर-मिरजेला गेलेल्या कन्नड बाईवर उलट बाजूनं होतो, तेही विसरू नये. आमच्या जैन घरांत तर एकाच चुलीपुढं दोन्ही भाषा चालतात. सासू कन्नडमध्ये रागावते, सून मराठीत उत्तर देते. फलक कुठल्या भाषेत लावायचा यावरून बेळगावात डोकी फुटतात. संमतीच्या कागदाच्या भाषेवरून एक मोर्चा निघालेला मी बघितला नाही, ना समितीचा, ना कन्नड संघटनांचा.

भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही व्यवस्था देशानं कधीच मान्य केलेली आहे. बिहारमध्ये अररिया जिल्ह्यात जानेवारी 2012 मध्ये एका शाळेत दोन तासांत 53 बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. त्यावरच्या देविका बिस्वास खटल्यात 14 सप्टेंबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सगळी माहिती बाईला समजेल अशा भाषेत सांगा, समजल्याचं डॉक्टरनं सही करून लिहून द्या, आणि विचार करायला तिला साधारण तासभर मोकळा द्या. निकाल नसबंदीपुरता आहे, मान्य. पण भाषा आणि तासभर वेळ या दोन गोष्टी क्युरेटिंगला का लागू नयेत?

बेळगाव जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांनी मराठी-कन्नड असा एक पाठपोट कागद छापावा. मी जागी असेन का, दुखेल का, दुखणं मरेल की नुसती आठवण जाईल, श्वास कोण बघणार, आत माझ्यासोबत बाईमाणूस कोण, आणि नको म्हटलं तर दुसरा मार्ग काय, एवढं त्यावर असावं. तो आदल्या दिवशी तिच्या हातात द्यावा, वाचता येत नसेल तर आशाताईंनी वाचून दाखवावा. सही तिची घ्यावी, आणि इंजेक्शनच्या आधी घ्यावी. खाजगीवाल्यांनी छपाईचा खर्च हवा तर बिलात लावावा. नाहीतरी हातमोज्यांचे लावतातच.