घरात आहेत, पण घरचे आहेत का?

दरवर्षी १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन येतो आणि आपल्या व्यासपीठांवरून तेच भाषण नव्याने ऐकू येते. पाश्चात्त्यांनी म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमात धाडले, आम्ही मात्र त्यांना घरात ठेवले. ही आमची कुटुंबव्यवस्था! टाळ्या पडतात. या टाळ्यांत आत्मगौरव किती आणि आत्मवंचना किती, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

‘घरात ठेवले’ हा शब्दप्रयोगच पाहा. ठेवल्या जातात त्या वस्तू. तिसऱ्या मजल्यावरचे घर, इमारतीला लिफ्ट नाही; गुडघ्यांमुळे आजोबा महिनोन्महिने खाली उतरलेले नाहीत. न्हाणीघराची फरशी गुळगुळीत, धरायला दांडी नाही. रात्री उठावे लागू नये म्हणून आजी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. निवृत्तिवेतन आजोबांच्या खात्यात, कार्ड चिरंजीवांच्या पाकिटात. जेवण वेळेवर, औषधे वेळेवर. पण नातीचे लग्न ठरल्याची वार्ता शेजाऱ्यांकडून कळते. येथे छळ नाही, उपासमार नाही. तरीही याला सुखाचे वार्धक्य कोण म्हणेल?

वृद्धांचे जीवनमान मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने जी प्रश्नावली सिद्ध झाली, तिच्या सहा अंगांत इंद्रियांची क्षमता, निर्णयाचे स्वातंत्र्य आणि समाजातील सहभाग यांना स्थान आहे. हा विचार परका म्हणून झटकता येणार नाही. आपली वानप्रस्थाची कल्पनाही स्वेच्छेने स्वीकारलेल्या निवृत्तीची आहे. मुलांच्या सोयीसाठी लादलेल्या निवृत्तीची नव्हे.

२००७ च्या कायद्याने आईवडिलांना निर्वाहभत्ता मागण्याचा हक्क दिला. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास परत मिळवण्याचा मार्गही त्याच्या कलम २३ ने खुला केला. हे आवश्यकच होते. पण न्यायाधिकरण पैसे देववू शकते. आपुलकी देववू शकत नाही. २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली, हेही स्वागतार्ह. मात्र ते कवच मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. घरात अंथरुणाला खिळलेल्याचे काय? याबाबतीत केरळचे उदाहरण घ्यावेच लागेल. तेथील राजकीय विचार आपल्याला मान्य नसोत. पण त्या राज्याने २००८ मध्ये परिहारक उपचारांचे धोरण स्वीकारले आणि ग्रामपंचायतींच्या माध्यमातून परिचारिका रुग्णांच्या घरी पोहोचू लागल्या. चांगले ते कोठूनही घेण्यात कमीपणा कसला?

कोणी म्हणेल, घरे लहान, नोकऱ्या दूर, मुलांनी तरी काय करावे? अडचण खरी आहे. परंतु त्या अडचणीचा भार आज कोणाच्या खांद्यावर आहे? बहुतेक घरांत सुनेच्या. सेवा तिने करायची आणि संस्कृतीचा गौरव आपण सभांतून करायचा, हा दुटप्पीपणा थांबवला पाहिजे. ज्याचे आईवडील, त्या मुलाने डायपर बदलायला आणि रात्री जागायला शिकले पाहिजे.

म्हणून पुढच्या भाषणाआधी प्रत्येकाने आपल्या घरात एवढे करावे. न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवावी. बँकेचे कार्ड ज्याचे त्याला परत द्यावे. घरातील निर्णयाच्या वेळी आईवडिलांना बोलावून त्यांचे मत विचारावे आणि ते आपल्याविरुद्ध गेले तरी ऐकून घ्यावे. आपल्या वस्तीत घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांची यादी करावी आणि कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यापाशी बसावे. उपदेश करायला नव्हे, ऐकायला.

वृद्धाश्रमाची पाटी दारावर नसली म्हणजे घर आपोआप घर ठरत नाही. ज्या घरात वृद्धांच्या शब्दाला किंमत उरलेली नाही, तेथे वृद्धाश्रम कधीच उघडलेला आहे. फक्त त्याचे संचालक आपण आहोत.