एकलव्याला एकलव्य पुरस्कार मिळाला असता का?

मध्य प्रदेश सरकार ज्युनियर खेळाडूंना जो पुरस्कार देतं, त्याचं नाव एकलव्य. मोठ्यांना विक्रम, प्रशिक्षकांना विश्वामित्र. दिल्लीचे पुरस्कार बघा: 1961 पासून अर्जुन, 1985 पासून द्रोणाचार्य. ज्याचा अंगठा गेला त्याची आठवण आपल्या राज्याने ठेवली, हे मला आवडतं. पण खुद्द एकलव्याला हा पुरस्कार मिळाला असता का? नसता. पुरस्कार पदकांवर ठरतो, आणि तो बिचारा एकाही स्पर्धेत उतरला नव्हता.

समजा, बैहर-परसवाड्याकडची एखादी मुलगी बेसबॉल खेळायला लागली. शालेय राष्ट्रीय स्पर्धांत हा खेळ आहे. पण तिथवर पोचायचं तर आधी जिल्हा, मग जबलपूर संभाग, मग राज्य. त्याच्याही आधी ग्लोव्ह हवा, कॅचरचा मास्क हवा, शिकवणारे सर हवेत आणि समोर खेळायला दुसरी टीम हवी. पदक ही शेवटची पायरी. आपण टाळ्या वाजवतो त्या फक्त तिथेच.

कुणी म्हणेल, सगळ्यांनाच बक्षीस दिलं तर त्याची किंमत काय राहील? प्रश्न बरोबर आहे. विक्रम पुरस्कारामुळे सरकारी नोकरी मिळते. पलीकडे गोंदियाला, म्हणजे महाराष्ट्रात, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. तिथे मोजमाप कडकच हवं. माझं म्हणणं शाळा-कॉलेजपुरतं आहे.

अमेरिकेतल्या शाळांत मुख्य टीममधून हंगामभर खेळणाऱ्याला शाळेच्या नावाचं आद्याक्षर मिळतं. ते जॅकेटवर शिवतात. ही रीत 1865 मध्ये हार्वर्डच्या बेसबॉल टीमपासून सुरू झाली, असं मानतात. ते अक्षर फुकट मिळत नाही, पण त्यासाठी पहिलं यावं लागत नाही.

बेसबॉलच्या स्कोअरबुकातही एक शहाणपण आहे. बॅटरने बंट करून, स्वतः आउट होऊन, आपल्या रनरला पुढच्या बेसवर पोचवलं, तर त्याची नोंद 'सॅक्रिफाइस' अशी होते आणि त्याच्या सरासरीला धक्का लागत नाही. आपल्या वार्षिकोत्सवात मात्र 'बेस्ट प्लेयर'ची एकच ट्रॉफी दिली जाते. बाकीचे आठ जण खाली बसून टाळ्या वाजवतात.

म्हणून एवढंच करावं: वर्षभर मैदानावर आलेल्या प्रत्येकाचं नाव, त्याने टीमसाठी काय केलं त्या एका ओळीसकट, स्टेजवरून वाचावं. खर्च शून्य. एकलव्याच्या नावाने पुरस्कार देणाऱ्या राज्यात त्याची निदान हजेरी तरी लागायला हवी.