मागच्या रांगेसाठी कॉलर माईक

सभागृहात आवाज भरपूर असतो, वक्ता नामवंत असतो, तरीही मागच्या रांगांतली ज्येष्ठ मंडळी शेजाऱ्याकडे वळून ‘काय म्हणाले?’ असे विचारत असतात. आवाज वाढवला की शिट्टी येते आणि कमी केला की शब्द हरवतात. मग सगळा दोष सभागृहाच्या नाहीतर स्पीकरच्या माथी मारला जातो. आमच्या मते या अडचणीचे मूळ पुष्कळदा वक्त्याच्या छातीवर लावलेल्या इवल्याशा कॉलर माईकमध्ये असते. तो निवडताना आणि लावताना जे प्रश्न विचारायला हवेत, ते आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही.

बोलताना तोंडातून निघणारा आवाज सगळ्या दिशांना सारखा पसरत नाही. खालचे, जाड सूर खाली छातीपर्यंत सहज पोचतात. स, श, च, ट, थ या व्यंजनांना धार देणारे वरचे सूर मात्र मुख्यतः समोर जातात. त्यामुळे छातीवरच्या माईकला ३ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ५ ते १० डेसिबलपर्यंत कमी आवाज मिळतो आणि ८०० हर्ट्झच्या आसपास छातीचा घुमारा जास्त मिळतो. आवाज भरदार वाटतो, पण ‘साठ’ म्हटले की ‘सात’ ते कळत नाही. वय वाढते तशी माणसाची श्रवणशक्तीही आधी वरच्या सुरांतच उणावते. म्हणजे माईकने जे टिपले नाही, नेमके तेच ऐकायला त्या कानांनाही जड जाते. आपल्या व्याख्यानमालांचा बराचसा श्रोतृवर्ग निवृत्त मंडळींचा असतो. त्यांच्या दृष्टीने हा बारीकसा तांत्रिक तपशील म्हणजे भाषण समजणे आणि न समजणे यांतला फरक आहे.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. मिक्सरवर ८०० हर्ट्झच्या आसपास थोडे उतरवायचे, ३-४ किलोहर्ट्झजवळ थोडे चढवायचे आणि सुमारे १०० हर्ट्झच्या खालचे कापून टाकायचे. कंट्रीमन बी३ किंवा डीपीए ४०६० यांसारख्या माईकच्या टोकावरची जाळीची टोपी बदलता येते आणि ती बदलली की सर्वांत वरच्या सुरांचा उठाव कमीजास्त होतो. मिक्सरवर बसणाऱ्याला हे ठाऊक असेल तर मध्यम किमतीचा माईकही स्वच्छ बोलतो. ठाऊक नसेल तर महागडा माईकसुद्धा कोंदटच वाटेल. म्हणून माईक निवडण्याआधी माईक सांभाळणारा माणूस निवडा, असे आमचे आयोजकांना सांगणे आहे.

माईक दोन जातींचे मिळतात. एक चहूबाजूंनी सारखा ऐकणारा, दुसरा मुख्यतः एका दिशेने ऐकणारा. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत निवेदकासमोर मोठे स्पीकर नसतात, त्यामुळे तिथे पहिल्या जातीचा माईक निर्धास्त वापरता येतो. निवेदकाने मान वळवली तरी आवाज फारसा बदलत नाही, आणि हा माईक उलटा, टोक खाली करून लावला तर श्वासाचे फटकारेही कमी बसतात. थेट प्रक्षेपणात एकाच क्लिपमध्ये दोन माईक लावलेले दिसतात, त्यांतला एक राखीव असतो. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवायचे नसतात.

रंगमंचावर गणित बदलते, कारण स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. अशा ठिकाणी एका दिशेचा माईक घ्यावा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. हा माईक तोंडाच्या दिशेने नीट रोखलेला राहिला तरच उपयोगी पडतो. वक्ता पडद्याकडे वळला की त्याचा आवाज एकदम उतरतो. शिवाय कापडाचे घासणे आणि ‘प’, ‘फ’ यांचे फुत्कार या माईकला फार झोंबतात. आमची पसंती वेगळी आहे. वक्ता एका जागी उभा राहणार असेल तर कॉलर माईकच्या फंदात न पडता पोडियमवर चांगला माईक द्यावा. तो फिरत बोलणारा असेल तर कानावरून गालापाशी येणारा हेडसेट द्यावा. माईकचे तोंडापासूनचे अंतर निम्मे झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. छातीवरच्या २० सेंटीमीटरवरून ओठांच्या कडेला अडीच सेंटीमीटरवर येणे म्हणजे अंतर तीनदा निम्मे करणे, हिशेबाने १८ डेसिबल. शिट्टी येण्याआधी आवाज वाढवायला एवढी मोकळीक माईकच्या टोकातल्या, आवाज टिपणाऱ्या कोणत्याही महागड्या कॅप्सूलने मिळत नाही.

कीर्तनात तर हेडसेटला पर्यायच नाही. बुवांच्या मागे टाळकरी आणि पखवाज, अंगावर उपरणे, गळ्यात तुळशीची माळ आणि वर भक्तांनी घातलेला हार, अशा गर्दीत छातीवरचा माईक बुवांपेक्षा टाळच जास्त ऐकवतो. आपल्या समारंभांतली आणखी एक गोष्ट साऊंडवाल्यांच्या चांगल्या परिचयाची आहे: माईक लावून झाल्यावर होणारा सत्कार. खांद्यावर घातलेली शाल नेमकी कॅप्सूल झाकते. शाल-श्रीफळ आधी आणि माईक नंतर, एवढा क्रम कार्यक्रमपत्रिकेत बदलला तरी पुष्कळ साधेल.

स्त्री वक्त्यांच्या बाबतीत आयोजकांनी अधिक विचार करायला हवा, कारण ही व्यवस्था मुळात कोट आणि टाय गृहीत धरून घडली आहे. मंगळसूत्राचे मणी माईकवर आपटतात. रेशमी पदर प्रत्येक हालचालीला सळसळतो. वायरलेस माईकचा ट्रान्समीटर अडकवायला पट्टा नसतो. माईक पदराऐवजी ब्लाउजच्या काठाला, हनुवटीपासून वीतभर खाली लावावा, वायरीचा एक वळसा क्लिपमध्ये अडकवावा आणि ट्रान्समीटरसाठी कमरेचा कापडी पट्टा तयार ठेवावा. हे सगळे मंचाच्या पायऱ्यांवर, चारचौघांत, घाईघाईने करायचे काम नव्हे. वक्त्या येण्याआधी त्यांना विचारावे आणि माईक शक्यतो त्यांच्याच हाती देऊन आडोशाला लावू द्यावा.

अंगावर लावायचा माईक एके काळी चांगलाच बोजड होता. इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीने १९५३ साली आणलेला ६४७ए दोरीने गळ्यात अडकवावा लागे. १९६२ साली बेल लॅब्समध्ये गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माईक शोधला आणि पुढे चांगली कॅप्सूल बटणाहूनही लहान झाली. तिचे लहान होणे इतके सोयीचे ठरले की परिसंवादात चार वक्त्यांना चार कॉलर माईक लावून सगळे चालू ठेवण्याची पद्धत पडली. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. एकाचे चार झाले की ६ डेसिबल गेले. बोलणाऱ्याचा माईक वर आणि बाकीचे खाली, हे काम कार्यक्रमभर हातानेच व्हायला हवे.

वायरलेस घेताना त्याची फ्रिक्वेन्सी विचारलीच पाहिजे. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे छोटे संच मुलाखतीसाठी छान असतात. भरलेल्या सभागृहात मात्र तोच पट्टा शेकडो मोबाईलचे वाय-फाय आणि ब्लूटूथ वापरत असतात, शिवाय माणसांची शरीरेही त्या लहरी अडवतात. अमेरिकेतून कोणी स्वस्तात जुना संच आणून देत असेल तर जास्त सावध राहावे. तिथे ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले वायरलेस माईक जून २०१० पासून आणि ६०० मेगाहर्ट्झच्या बहुतांश पट्ट्यातले जुलै २०२० पासून बंद करावे लागले, त्यामुळे असे संच तिथे निकामी होऊन पडून आहेत. भारतातही ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा काही भाग २०२२ च्या लिलावात मोबाईल सेवेसाठी विकला गेला आहे.

वर्षाला चार-पाच कार्यक्रम करणाऱ्या संस्थेने वायरलेस संच भाड्याने घ्यावा आणि स्वतःचा एक चांगला हेडसेट विकत घ्यावा. त्याआधी भाड्याच्या संचाची पिन पाहून घ्यावी. शुअरच्या ट्रान्समीटरला बहुधा चार टोकांची छोटी पिन लागते, सेनहायझरच्या अनेक संचांना फिरवून घट्ट बसणारी साडेतीन मिलिमीटरची, आणि मोबाईलसाठी घेतलेला माईक या दोन्हींवर नीट चालेल याचा भरवसा नसतो.