'हम्मा हम्मा'च्या पलीकडचा रेमो आणि आपलं कोल्हापूर

रेमो फर्नांडिस म्हटलं की आपल्याकडं लोक दोनच गाणी सांगतात. १९९५ च्या 'बॉम्बे'मधलं 'हम्मा हम्मा' आणि १९९८ चं 'प्यार तो होना ही था'. गाणी झकास आहेत, वादच नाही. पण 'जलवा'पासून या माणसाच्या कॅसेटी झिजवलेला शिवाजी पेठकर म्हणून सांगतो, खरा रेमो तिथं नाहीच.

खरा रेमो त्याच्या एकट्याच्या कामात आहे. मुंबईत आर्किटेक्चर शिकताना त्यानं 'द सॅव्हेजेस' बँडमध्ये वाजवलं. पुढं गोव्याला परतला आणि १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' हा अल्बम केला. कसा? शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर. गाणी स्वतःची, वाद्यंही स्वतःच वाजवलेली. कॅसेटी स्कूटरवर टाकून दुकानादुकानात पोचवल्या. कुठल्या कंपनीची वाट बघत बसला नाही. मग ड्रग्जविरोधातला 'पॅक दॅट स्मॅक', त्यानंतर 'बॉम्बे सिटी'. १९८६ साली पंतप्रधान राजीव गांधींसमोर गायची संधी आली, तर स्तुती गाण्याऐवजी गोव्याचे प्रश्नच गाण्यातून मांडले. २००७ ला पद्मश्री मिळाली.

सगळंच डोक्यावर घ्यावं असं नाही. 'ओ मेरी मुन्नी' मला आजही फारसं रुचत नाही. आणि 'तो आता पोर्तुगालचा झाला, आपल्याला काय त्याचं?' असंही कोणी म्हणेल. म्हणू दे. शिवोलीत केलेलं काम त्यानं पुसलं जात नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या पेठेत गिटार, कीबोर्ड, ढोलकी वाजवणारी पोरं काय कमी आहेत? पण त्यांना बोलावणं येतं ते लग्नात, ऑर्केस्ट्रात, दुसऱ्याचीच गाणी वाजवायला. स्वतःचं गाणं सुरू केलं की खालून फर्माईश, "ते राहू दे रं, 'झिंगाट' लाव!" सिनेमाचा शिक्का बसल्याशिवाय गाणं आपल्याला गाणं वाटतच नाही. विसर्जनाला साउंड सिस्टीमवर पैसा उडवताना मात्र आपला हात आखडत नाही. अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय देणाऱ्या शाहू महाराजांच्या गावाला हे शोभतं का?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा अख्खं कोल्हापूर हळहळलं. ते पुन्हा पूर्वीसारखं उभं राहावं यासाठी सगळे बोलले. बरोबरच आहे. पण नुसत्या भिंती, खुर्च्या आणि रंगमंच उभारून भागणार नाही. तिथं महिन्यातली एक संध्याकाळ, नाममात्र भाड्यात, फक्त स्वतःची गाणी करणाऱ्यांसाठी राखून ठेवा, एवढीच महापालिकेकडं मागणी आहे. आणि तालीम मंडळांना विनंती, साउंडच्या खर्चातला थोडा वाटा पेठेतल्या एखाद्या पोराच्या रेकॉर्डिंगला द्या. रेमोला चार ट्रॅक पुरले. आज तर प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलवर त्याहून जास्त सोय आहे. नाही ते ऐकणारं माणूस.

तेवढं काम आपलं. तुमच्या ओळखीत कोणी स्वतःची गाणी करत असेल तर खाली त्याची लिंक टाका. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणार, शब्द देतो.