चित्रांचा आधारनिर्देश

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या आज नष्ट झाल्या असून पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावे मात्र भिंतीवर राहिली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नेमके याच्या उलट घडते. महाजालावरून घेतलेले नाणेघाटाचे सुरेख छायाचित्र पानावर असते आणि ते टिपणाऱ्याचे नाव कोठेच नसते. फार तर खाली 'गूगलवरून साभार' असे लिहिलेले आढळते. गूगल हे शोधाचे साधन आहे, छायाचित्राचा कर्ता नव्हे. ग्रंथातील उताऱ्याखाली 'ग्रंथालयातून साभार' असे कोणी लिहीत नाही. लिहिल्यास मार्गदर्शक ते चालवून घेणार नाहीत. चित्राच्या बाबतीत मात्र तेच मार्गदर्शक मौन पाळतात. हा विषय संगणक विभागाकडे सोपवून भागणार नाही. त्याची जागा मराठी विभागाच्या संशोधनपद्धतीच्या तासालाच आहे.

शिलालेख दोन हजार वर्षांपूर्वीचा, तेव्हा त्याचे चित्रही सर्वांचे, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः लेखावर कोणाचा प्रताधिकार नसला तरी त्याच्या अलीकडच्या छायाचित्रावर तो असतो. १९५७ च्या कायद्यानुसार त्यासाठी नोंदणी लागत नाही. चित्रावर काही सूचना छापलेली नसली तरी हक्क अबाधित राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर छायाचित्राचा प्रताधिकार कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. उलट, ब्यूलर यांनी १८८३ मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणाच्या पाचव्या खंडात हे लेख संपादित केले, त्या खंडातील ठसे आता सर्वांना मुक्त आहेत. ब्यूलर १८९८ मध्ये आणि त्या मालेचे संपादक बर्जेस १९१६ मध्ये निवर्तले. लिपीच्या अभ्यासकाला रंगीत छायाचित्रापेक्षा हे ठसेच अधिक उपयोगी पडावेत. पण ते शोधण्याचे कष्ट कोण घेतो!

कायद्याचा बाऊ करण्याचेही कारण नाही. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रत कलम ५२ अन्वये उल्लंघन ठरत नाही, आणि छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या तरतुदीचा अर्थ उदारपणे लावला. वर्गात पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या शिक्षकाने बिचकू नये. तेच चित्र स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर किंवा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर गेले, की ही सवलत गृहीत धरता येत नाही. विद्यार्थ्यांपेक्षा प्राध्यापकच येथे अधिक घसरतात, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. विकिमीडिया कॉमन्सवरील बरीच चित्रे कर्त्याचे नाव आणि परवाना नमूद करण्याच्या अटीवर मोकळेपणाने वापरता येतात. ती अटही पाळली जात नाही.

परंतु प्रश्न केवळ हक्काचा नाही. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले. त्या दुर्घटनेवर लिहिणारा विद्यार्थी महाजालावरून दरडीचे एखादे चित्र उचलतो. ते माळीणचेच आहे हे त्याला कशावरून कळले? दरड कोसळलेला डोंगर सर्वत्र सारखाच दिसतो. छायाचित्रकाराचे नाव सापडले तरच स्थळ आणि दिनांक पडताळता येतात. नाव हरवले की पुरावाही हरवतो. शिवाय त्या चिखलात ज्यांचे आप्त गेले, त्यांच्या शोकाचे चित्र सजावटीसाठी वापरावे काय, हा औचित्याचा प्रश्न कायद्याने सुटत नाही. साहित्याच्या वर्गात तरी तो विचारला जावा.

मौखिक परीक्षेत प्रत्येक चित्राविषयी ते कोणी, कोठे, केव्हा टिपले आणि कोणत्या अनुमतीने घेतले, हे विचारावे व उत्तर न आल्यास चित्र प्रबंधातून काढावे. त्यावाचून प्रबंध अडत असेल, तर जुन्नरला एस. टी. जाते, लेण्याद्रीचे छायाचित्र विद्यार्थ्याला स्वतः काढता येईल, आणि त्याखाली स्वतःचे नाव घालता येईल.