भाऊबंद आणि भाऊबंदकी

‘भाऊबंद’ हा शब्द मायेचा आणि ‘भाऊबंदकी’ हा कोर्टाचा! एवढ्याशा शेपटाने शब्दाची जातच कशी बदलते पाहा.

कल्याणच्या आमच्या वडिलार्जित घरातल्या एका भिंतीवरून माझे आणि चुलतभावाचे चार वर्षे बोलणे नाही. परवा रविवारी वकिलाचे पत्र आले. वाचून डोके तापले, तसा डोंबिवलीहून गाडी पकडून अंबरनाथच्या शिवालयात जाऊन बसलो. वालधुनीचा काठ, काळा पाषाण, खाली गाभाऱ्यात उतरणाऱ्या थंडगार पायऱ्या. डोके हळूहळू निवले.

ठाण्याहून उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांचे हे देऊळ. राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून इ. स. ८०० च्या सुमारास पुढे आलेले हे घराणे. त्यातले छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे सख्खे भाऊ एकामागून एक गादीवर बसले. देवळाचे काम छित्तराजाने आरंभले आणि मुम्मुणीने पुरे केले, असे जाणकार मानतात. इथला शके ९८२ चा, म्हणजे सुमारे १०६० सालचा लेख मुम्मुणीच्या कारकिर्दीतला. पण त्यात थोरल्या भावाचे नाव आवर्जून आले आहे.

आता दुसरी बाजू ऐका. नागार्जुनाचा मुलगा अनंतदेव पुढे राजा झाला. खारेपाटणला सापडलेला त्याचा १०९४ चा ताम्रपट सांगतो, की दायादांच्या वैरामुळे राज्यावर संकट आले आणि ती संधी साधून दुष्टांनी कोकण उजाड केले. त्यांना आपण तलवारीच्या धारेच्या समुद्रात बुडवले! दायाद म्हणजे वाटेकरी. आपल्या भाषेत भाऊबंद. भांडण घरातले, उजाड झाली ती रयत.

गादीचे हे दुखणे आपल्याच मुलखाचे होते असेही नाही. ११३० पासून शंभरावर वर्षे नॉर्वेच्या राजघराण्यात गादीसाठी अशाच लढाया चालल्या.

शिलाहारांचा शेवट १२६५ च्या सुमारास झाला. देवगिरीच्या महादेव यादवाने सोमेश्वराला हरवले, आणि तो समुद्रात बुडून मेला. या वेळचा समुद्र खरा होता.

ठाण्याचा त्यांचा राजवाडा आज कुणाला दाखवता येत नाही. भावाने भावाचे पुरे केलेले काम मात्र नऊशे साठांहून अधिक पावसाळे खाऊन उभे आहे.

घरी आलो. सौभाग्यवती अनारसे तळत होत्या. न विचारता एक डबा भरून घेतला आणि कल्याण गाठले. दादांनी दार उघडले, डब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“चहा टाकायला सांगू?” ते म्हणाले.

भिंत अजून तिथेच आहे. वकिलाचे पत्रही माझ्या खिशातच होते. पण मंडळी, चहाच्या वेळी ते बाहेर काढायची आठवण दोघांनाही झाली नाही.