नानीसाला नाव होतं की नाही?



बोरीतल्या एका घरी परवा बसले होते. मुलाला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. एका बाजूला त्याने दादोसा, दादीसा आणि त्यांची पूर्ण नावं लिहिली. दुसऱ्या बाजूला नुसतं 'दिग्रसवाली नानी'. आई म्हणाली, "असू दे, कळतं मॅडमना." मला राग आला आणि मी तो गिळला नाही.

दादी ती नुसती दादी, आणि नानीला गावाची चिठ्ठी! शेजारच्या मराठी घरांतही तेच: 'आजी' वडिलांची, आईची ती 'दारव्ह्याची आजी'. हे सासरच्यांनी शिकवलं म्हणून सुटका नाही. मुलांशी दिवसभर बोलतो आपण. आपल्याच आईला आपणच गाववाली करतो.

दादू, नानू, बडी मम्मा या नव्या हाकांवर माझं भांडण नाही. हाक लाडाची असते, काहीही असो. पण हाकेमागचं नाव मुलाला ठाऊक हवं.

"मोठ्यांचं नाव घेतलं की आशातना होते," असं एक काकीजी मला म्हणाल्या. मग लोगस्समध्ये आपण रोज काय करतो? चोवीसही तीर्थंकरांची नावं एकेक करून घेतो. पर्युषणात कल्पसूत्र ऐकता ना? त्यात भगवान महावीरांच्या आईची तीन नावं आहेत: त्रिशला, विदेहदिन्ना, प्रियकारिणी. मुलीची दोन, अनवद्या आणि प्रियदर्शना. इतकंच नाही, मुलीच्या मुलीचीसुद्धा दोन नावं दिली आहेत, शेषवती आणि यशोवती. (दिगंबर बहिणी भगवंतांचा विवाह मानत नाहीत, तो विषय वेगळा.) म्हणजे नातीचं नाव सूत्रात जपलं गेलं, आणि आपल्या घरात नानीचं नाव वहीच्या एका पानावर मावत नाही.

माझी नानीसा गेली तेव्हा उठावण्याला तिच्या पीहरच्या एक वृद्ध बाई आल्या होत्या. रडताना त्या कुणाला तरी वेगळ्याच नावाने हाक मारत होत्या. आम्ही नातवंडं एकमेकांकडे बघत राहिलो. ते नानीसाचं जन्माचं नाव होतं. सासरी त्या नावाची जेठानी आधीच होती, म्हणून लग्नात बदललं. साठ वर्षं तिला त्या नावाने कुणी हाक मारली नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. ते नाव इथे लिहीत नाही. माझ्या मुलांना सांगितलंय.

त्या मुलाच्या आईला मी जरा तोडून बोलले होते. संध्याकाळी फोन करून मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "काकीजी, मम्मीचं लग्नाआधीचं नाव मलाही माहीत नाही. कोणाला विचारू?"

म्हटलं, अगं, आहे ना ती अजून दिग्रसला. तिलाच लाव फोन.